कॉरिडॉरचं वळण

प्रस्ताव शंभर खाटांचा होता.
मान्यता आली तेव्हा साठ उरल्या,
नव्या दरसूचीनंतर चव्वेचाळीस.
खाटा मी पेन्सिलीनं खोडल्या,
भुगा फुंकरीनं उडवला,
आणि कॉरिडॉर आठ फुटांवरून
चारवर आणला. बेरीज बसली.

जागा वाठोड्याच्या पुढे. बाभळी, एक बोअरवेल,
चार वर्षांपूर्वी लागलेला बोर्ड:
नियोजित शासकीय वृद्धनिवास.
सावलीला बकऱ्या, कुठल्याही नियोजनाशिवाय.

दर मंगळवारी अंजिराबाई निनावे येते,
पाचपावलीहून, दोन ऑटो बदलून,
सिव्हिल लाइन्सच्या आमच्या शाखेत.
चाळीस वर्षं हातमागावर; आता बोटं
काहीच न धरता दुमडलेली.
मुलगा सुरतेला. खोली घरमालकाला हवी आहे.
हे ती सांगत नाही,
अर्जात आहे, रकाना सात.
ती एवढंच विचारते,
"माही खाट आली का जी?"

मी म्हणतो, फाइल वित्त विभागात आहे.
मी म्हणतो, अधिवेशनात पुरवणी मागणी लागली होती.
मी म्हणतो, एकतीस मार्चच्या आत खर्च झाला नाही
तर निधी परत जातो.
"परत जाते?" ती म्हणाली.
"त्याले घर हाय मंग."

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी लाइट गेली.
कूलर थांबला, ताट्यांतून पाणी ठिबकत राहिलं.
साहेब जेवायला गेलेले.
"नकाशा तं दाखवा," म्हणाली.
पसरला. चार कोपऱ्यांवर
पंचिंग मशीन, स्टॅम्प पॅड, माझा डबा,
आणि तिची चपटी, रिकामी पिशवी, जी काही धरून ठेवेना,
म्हणून तिथे तिचा हात.

वाचता येत नाही तिला. चौकटी मोजता येतात.
काठाची वेल मोजावी
तशी दारापासून आत मोजत गेली,
ऑफिस, रसोडा, खोल्या, मधला कॉरिडॉर,
आणि तो काटकोनात जिथे वळतो
तिथे बोट थांबलं.
मागे आलं. पुन्हा गेलं.
"हे किती?"
चार फूट.
"इथून तिरडी वयत नाही, बापा."

मी स्केल काढली.
साडेसहा फुटांचे बांबू, पुढे दोघं, मागे दोघं.
कागदावर दोनदा फिरवून पाहिलं.
भिंत लागते.
तिथे तिरडी उभी करावी लागेल,
म्हणजे त्या माणसाला एवढं सगळं संपवूनही
पुन्हा एकदा उभं राहावं लागेल,
दोरीनं बांधलेलं, डिस्टेंपरला टेकून,
माझी बेरीज बसली होती म्हणून.

दुरुस्ती म्हणजे सुधारित अंदाजपत्रक.
म्हणजे पुन्हा तांत्रिक मान्यता, पुन्हा टिपणी,
पुन्हा मुंबई. हा मार्च गेलाच.
हे सगळं तिला सांगितलं,
पहिल्यांदाच नीट, कर्ता-कर्म-क्रियापद लावून.
"थांबू ना मंग," ती म्हणाली,
"मी कुठी चालली?"
मग आपल्याच वाक्याकडे पाहिल्यासारखं करून
पदर तोंडाशी धरून हसली,
ठसका लागेपर्यंत. मी पाणी दिलं.

लाइट आली. कूलर खोकून सुरू झाला.
वळणापाशी मी कॉरिडॉर पुन्हा आठ फूट केला.
त्यात दोन खाटा जातात.
बेचाळीस.
कुणाच्या गेल्या
यासाठी कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली
तेव्हा टिपणी अजून माझ्याच टेबलावर होती,
सहीशिवाय. मला वाटलं, खाटेचं विचारेल.
तिनं माझा डबा उचलून बाजूला ठेवला,
नकाशा स्वतःच उलगडला,
चष्मा पदराला पुसला.
"आता न्हाणी पाहू," म्हणाली.